आयशाबीला काय म्हणून बोलवायचं

राजापेठेत माझं दुकान आहे. पापड, कुरडया, शेवया, मसाले, लोणची. घरी करायला कोणाला वेळ नाही आणि खायचं मात्र घरचंच हवं, अशा लोकांच्या जिवावर माझं चाललं आहे. त्यामुळे महिन्यातून एखादी बाई, नाहीतर नोकरीला कंटाळलेला एखादा बाप्या काउंटरपाशी रेंगाळतो आणि गर्दी ओसरली की विचारतो, "जुईलीताई, मलाही काहीतरी सुरू करायचंय. काय करू?" मी सांगते, आधी पाच किलो करा, अजिबात ओळख नसलेल्या माणसाला विका आणि तो पुन्हा मागायला येतो का ते बघा. बहीण, नणंद आणि ऑफिसातले लोक "मस्त झालंय" म्हणाले तर ते धरू नका, त्यांना फुकट मिळालेलं असतं. एवढं ऐकून निम्मे लोक पुन्हा तोंड दाखवत नाहीत. उरतात त्यांना मी धामणगावच्या जमुनाबाईंबद्दल सांगते. त्यांना जी अडचण आली ती उद्योजकता शिबिरात कोणी सांगत नाही. मी दोन शिबिरं केली आहेत, जेवण चांगलं होतं.

जमुनाबाई धामणगाव रेल्वे या गावी राहतात. नवरा नत्थुजी जिनिंगमध्ये कामाला. कापसाचा हंगाम संपला की जिनिंग थंड पडतं आणि नत्थुजी उन्हाळाभर घरी बसून पंख्याचा आवाज ऐकतात. या रिकाम्या महिन्यांत काहीतरी करायचं म्हणून जमुनाबाई पहिल्यांदा माझ्याकडे आल्या, त्या उशीच्या खोळीत कुरडया भरून. खोळ स्वच्छ होती, पण खोळच होती. आतल्या कुरडयांपैकी एक बशीएवढी तर एक ताटाएवढी. मी म्हटलं, "बाई, गिऱ्हाईक पाकिटात हात घालून मोठी शोधत बसेल आणि बारक्या माझ्या माथी मारेल." त्या कसनुशा हसल्या. मग मी मागच्या गॅसवर एक तळून पाहिली. पांढरीशुभ्र फुलली, हलकी, तेल न धरणारी. मी दुसरी तळली, ती मात्र निव्वळ हावरटपणा म्हणून. तेव्हाच ठरवलं की या बाईला सोडायचं नाही.

सगळ्या कुरडया एका मापाच्या करा, पाकिटावर तारीख टाका, आणि मला देता त्याच भावात धामणगावात कोणाला देऊ नका, नाहीतर मी कशाला आणू, असं मी बजावलं. मग भाव विचारला. त्यांनी गहू, गॅस आणि बसचं भाडं धरून आकडा सांगितला.

"अन् तुमच्या हातांचे?" मी विचारलं.

"हातायचे काय पैशे व ताई? हात तं घरचेच हायेत."

हे वाक्य मी इतक्या बायकांकडून ऐकलं आहे की आता कोणी म्हटलं तर माझा पारा चढतो. घरचे हात काय झाडाला लागतात? मी त्यांना तिथेच बसवून पुन्हा भाव काढायला लावला. त्यांनी काढला, पण चेहऱ्यावर असं काही होतं की मी त्यांना चोरी करायला सांगते आहे.

हे घरचे हात फक्त जमुनाबाईंचे नव्हते, ते मला पुढे त्यांच्याकडे गेले तेव्हा कळलं. कुरडई एकटीचं काम नाही. गहू भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून चीक काढायचा, तो बसू द्यायचा, मग मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायचा आणि गरम असतानाच सोऱ्यात भरून उन्हात घालायचा. चीक निवला की सोऱ्यातून उतरत नाही, म्हणून चार-सहा जणी लागतात. त्यांच्या गल्लीत रीतच होती की जिच्या घरी कुरडया, तिच्याकडे बाकीच्यांनी सकाळीच हात लावायला जायचं. आज तुझ्याकडे, परवा माझ्याकडे. कोणी हिशेब ठेवत नसे. पहिला चीक शिजला की त्यातला वाटी वाटी काढून सगळ्या जणी सावलीत बसत. कोणी तेल-मीठ घालून, कोणी साखर-दूध घालून खाई आणि त्या वेळात ज्या गल्लीत नाहीत त्यांच्याविषयी मनमोकळं बोलणं होई. मीही एकदा बसले. त्या दिवशी मला अर्ध्या धामणगावाची माहिती झाली.

या सगळ्यांत समोरच्या घरातल्या आयशाबी गंजापाशी बसायच्या. जमुनाबाईंपेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठ्या, अंगाने सडपातळ, आवाज मात्र दोन गल्ल्या पलीकडे जाणारा. चीक किती घोटायचा आणि कधी उतरवायचा हे त्या ठरवत आणि दुसऱ्या कोणी ढवळायच्या दांड्याला हात लावला तर हाकलून देत. माझ्या दुकानात "धामणगावच्याच द्या" म्हणून मागणी वाढली, त्यात गव्हाइतकाच आयशाबींचाही वाटा होता.

पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात माल दुपटीने जाऊ लागला आणि गणित बिघडलं. बाकीच्यांच्या घरी वर्षातून एकदा कुरडया, जमुनाबाईंकडे दर तिसऱ्या दिवशी. म्हणजे आज तुझ्याकडे आणि परवाही तुझ्याकडेच. मी एकदा माल न्यायला गेले तर बायका होत्या, पण गप्पा आटल्या होत्या. एकीने तर माझ्यासमोरच कंबर धरून म्हटलं, "जमुनाचं दुकान मोठं झालं, आमची कंबर मोडली." सगळ्या हसल्या. जमुनाबाईही हसल्या. मला ते हसू अजिबात आवडलं नाही.

जाताना मी त्यांना बाजूला घेतलं. "यांना मजुरी द्या. रोजची ठरवून द्या आणि भावात धरा."

"शेजारनीले मजुरी? कशी द्यू व ताई? आयशाबीच्या हाती नोटा ठेवू? तोंडावर फेकन माह्या."

"फेकली तर उचलून पुन्हा द्या. नाही दिली तर एक दिवस कोणी येणार नाही."

त्यांनी मान डोलावली. आमच्याकडे मान डोलावणे याचा अर्थ "तुमचं झालं असेल तर जा" असाही होतो. तो उरलेला सगळा हंगाम त्यांनी काही केलं नाही.

यंदा उन्हाळ्यात अकोल्याच्या महादेवरावांचं काम आलं. ते लग्नांचे मोठे केटरर आणि माझ्या सासरकडून नात्यातले, त्यामुळे शब्द मी दिला होता. एका हंगामात जेवढा माल जातो तेवढा त्यांना एकाच खेपेत हवा होता. जमुनाबाई हरखल्या. हे काम नीट गेलं की चीक काढायचं यंत्र घ्यायचं, असं त्यांनी नत्थुजींना सांगूनही टाकलं. एवढ्या मालापुढे मात्र त्यांना माझं बोलणं आठवलं. पहिल्या दिवशी त्यांनी पांढरी पाकिटं आणली, त्यांत मजुरी घातली आणि दुपारी काम संपल्यावर एकेकीच्या हातात दिली. बाकीच्यांनी थोडे आढेवेढे घेऊन ठेवून घेतली. आयशाबींनी पाकीट ओट्यावर ठेवलं, चपला घातल्या आणि घरी गेल्या.

नंतर त्या आल्याच नाहीत. बाकीच्या यायला तयार होत्या, पण म्हणाल्या, गंजापाशी कोण बसणार? जमुनाबाईंनी एकदा स्वतः बसून पाहिलं, तर चिकाच्या गाठी झाल्या. तिकडे पुढचे गहू भिजलेले, इकडे महादेवरावांचे फोन. जमुनाबाईंनी मला फोन केला आणि पहिलं वाक्य असं टाकलं, "ताई, तुमचं आयकलं अन् माह्यं काम बसलं."

मला इतका राग आला की मी दुकान बहिणीवर सोडून सकाळची पहिली एसटी धरली.

घरात शिरले तर गंजात चीक तयार होता. आयशाबी आज येतील, उद्या येतील या आशेवर जमुनाबाईंनी भिजलेले गहू लांबवले होते आणि शेवटी काल स्वतःच वाटले होते. डोळे सुजलेले. मी विचारलं, "तुम्ही आयशाबींना विचारलं का, काय झालं म्हणून?"

"काय विचारू? पैशानं रुसली थे. म्या म्हनलंच होतं तुमाले."

म्हणजे समोरासमोर दारं असून दोघी इतके दिवस एकमेकींच्या पाठी बघत होत्या. मी जमुनाबाईंचं मनगट धरलं आणि गल्ली ओलांडली.

आयशाबी तांदूळ निवडत होत्या. मला बघून "या, बसा" म्हणाल्या, जमुनाबाईंकडे बघितलंही नाही. मी म्हटलं, "आयशाबी, पैसे दिले म्हणून राग आला का? ते मी सांगितलं होतं."

"पैशानं कोनी रुसते का?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "पैसा कोनाले नको हाये? दोन वर्साआधी देल्ला असता तरी घेतला असता म्या. कंबर माह्यी बी दुखते."

जमुनाबाई पुढे सरकल्या.

"मंग काहून नाई आली वं तू?"

"तूनं बोलावलं कसं? 'आयशाबी, ये, हात लावाले ये.' म्हंजे मैतरीन म्हनून बोलावलं. मी आली. दुपार झाली, चीक शिजला, अन् वाटी कुठी? बस म्हनली का तू? दोन घास खा म्हनली का? पाकीट हाती देल्लं अन् 'चाला, मले पॅकिंग करायचं हाये' म्हने."

"माल कमी पडत होता आयशाबी. एकेक वाटी म्हंजे चार चार कुरडया. मले वाटलं, पैशे देऊन राहिली ना आता..."

"थेच तं." आयशाबींचा तो दोन गल्ल्यांचा आवाज एकदम खाली आला. "मजूर म्हनून बोलाव, येईन. भाव सांगीन, टाइमावर येईन, टाइमावर जाईन, तुही वाटी नको मले. मैतरीन म्हनून बोलाव, फुकट येईन. पन मैतरीन म्हनून बोलावून मजुरावानी वाटंले लावशीन, तं मी येत नसते. माह्यी बी इज्जत हाये."

जमुनाबाई तिथेच खाली बसल्या आणि रडल्या. पदराने तोंड झाकून नाही, सरळ, लहान मुली रडतात तशा. "चुकली मी," एवढंच म्हणत होत्या. मला स्वतःला भरून आलं आणि त्याच वेळी मनात एक चीडही होती, की बाई, मी पैसे सुरू करा म्हटलं होतं, वाटी बंद करा कधी म्हटलं?

"मंग आता काय म्हनून बोलावू तुले?" जमुनाबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"थे तू सांग. कारखाना तुहा हाये."

जमुनाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. सल्ला माझ्या जिभेच्या टोकावर होता, पण मी गप्प बसले. हे असं माझ्या हातून फार क्वचित घडतं.

"मालकीन म्हनून ये," जमुनाबाई म्हणाल्या. "अर्धी तू, अर्धी मी. नफा बी, तोटा बी."

आयशाबी उठल्या. ओढणी डोक्यावर घेतली, चपला घातल्या आणि आमच्या पुढे चालत जमुनाबाईंच्या घरात शिरल्या. गंजावरचं झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. मग झाकण बाजूला टाकून दिलं.

"आंबलं हे. फेक."

"थोडं आंबट तं असतेच ना आयशाबी."

"असते. हे त्याच्या लय पुढं गेलं. तळली का लाल होईन, अन् लग्नाच्या पंगतीत कोनी तोंड वाकडं करून बाजूले ठेवन. फेक."

"अवं, इतक्या गव्हाचा चीक हाये! महादेवरावले परवा माल द्याचा हाये. ताईनं शब्द देल्ला त्यायले." जमुनाबाईंनी गंजाला दोन्ही हात लावले होते. "या खेपेपुरता जाऊ दे. पुढच्या खेपेले तू म्हनशीन तसं करू."

"आता माह्या घरी काय म्हनलीस तू? मालकीन कोन हाये?"

"आपन दोघी."

"मंग माह्यं अर्धं मी फेकून राहिली. तुह्यं अर्धं तू ठेव, पाहू कसं ठेवतं."

जमुनाबाई गंजाकडे बघत राहिल्या. त्यात त्यांचं यंत्र होतं, नत्थुजींना सांगितलेली सगळी बोलणी होती आणि माझा शब्दही होता. मग त्यांनी एका बाजूचा कान धरला, आयशाबींनी दुसऱ्या बाजूचा, आणि दोघींनी गंज मागच्या दारी नेऊन नालीत पालथा केला. पांढरा लोट वाहून जाईपर्यंत दोघी तिथेच उभ्या होत्या. आयशाबी नव्या गव्हासाठी पिंप घासायला घे म्हणाल्या, आणि जमुनाबाईंनी काथ्या शोधायला सुरुवात केली.

मी पर्समधून मोबाइल काढून बाहेर आले. माल वेळेवर मिळणार नाही, हे महादेवरावांना कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि त्या घरात मालकीण नसलेली मी एकटीच होते.