‘देखसूत’ म्हणजे हो की नाही?

“वॉर्म, वॉर्म, वॉर्म... अगं, तुझा तर सगळा तालुकाच तापलाय!”

आमचे पुण्याचे एरिया मॅनेजर माझी यादी मोबाईलवर सरकवत म्हणाले. एमबीएचं पहिलं वर्ष झालं की सुट्टीत एखाद्या कंपनीत काम शिकायचं असतं, त्याला इंटर्नशिप म्हणतात. मी ठिबक सिंचनाच्या नळ्या विकणाऱ्या कंपनीत होते. शहादा तालुक्यात शेतकऱ्यांना भेटायचं आणि प्रत्येक नाव ॲपमध्ये भरायचं. नक्की घेणारा ‘हॉट’, कदाचित घेईल तो ‘वॉर्म’, नाही म्हणाला तो ‘कोल्ड’.

“उद्याच ट्रकभर माल मागवतो,” सर म्हणाले. “आणि नोकरीसाठी तुझं नाव पाठवतो.”

आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. गप्प बसले तर नोकरी जवळ होती. पण माल पडून राहिला असता.

“सर, हे लोक... घेणार नाहीत.”

“नाही कोण म्हणालं?”

“कोणीच नाही. सगळे ‘देखसूत’ म्हणाले.”

“म्हणजे पाहू. म्हणजे वॉर्मच की!”

“आमच्याकडे त्याचा अर्थ ‘नाही’च असतो, सर. दारात आलेल्या पोरीला तोंडावर कोण नाही म्हणेल?”

“मग कोल्ड का नाही भरलंस?”

“ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं, नाही ऐकल्याशिवाय कोल्ड भरायचं नाही.”

सरांनी मोबाईल खिशात ठेवला. मग म्हणाले, “उद्या मी येतो बरोबर.”

दुसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीला यादीतल्या जगन आबांनी सरांचं सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली. “देखसूत ना साहेब. बठा, आखो चहा ल्या.”

आणखी एकेक चहा घेऊन बाहेर आल्यावर सरांनी हळूच विचारलं, “कोल्ड?”

“बर्फ,” मी म्हणाले.

पुढे पपईच्या बागेत दगडू काका भेटले, ते माझ्या यादीत नव्हते. नळी हातात घेताच कडाडले, “ही? उंदरं एक रातमा खाई जातीन! मंग तू येशी का जोडाले? का मोबाईल बंद?”

सरांनी मला निघायची खूण केली. मी हलले नाही. गिऱ्हाईक शंका काढतं, त्याला पुस्तकात ‘ऑब्जेक्शन’ म्हणतात. परीक्षेसाठी मी ते पाठ केलं होतं, समजलं मात्र तिथे. ज्याला घ्यायचंच नाही, तो उंदरांपर्यंत कशाला जाईल?

“काका, मेकॅनिक येई. नही उना तर माले फोन करा.”

“तू कोनी पोर शे व?”

मी वडिलांचं नाव सांगितलं.

“मंग पहिले सांगानं ना!” काका म्हणाले आणि आणखी अर्धा तास भांडले. एका एकरापुरती नळी घेऊनच त्यांनी आम्हाला सोडलं.

आणखी गावं फिरून आम्ही यादी नव्याने केली. जवळजवळ सगळी कोल्ड झाली. जे भांडले, तेवढे हॉटमध्ये गेले. ट्रकऐवजी छोटा टेम्पो आला आणि सगळा माल खपून रिकामा परत गेला. सरांनी ॲपमध्ये एक नवा रकाना करून घेतला: ‘भांडला का?’

शेवटच्या दिवशी मी सर्टिफिकेट घेतलं, बॅग खांद्याला लावली. सर म्हणाले, “तुझ्या नोकरीचं पाहू.”

मी दारातच थांबले. खूप धीर करून विचारलं, “सर, हे पुण्याचं पाहू की शहाद्याचं?”

त्यांनी चष्मा काढला. “तुझं इंग्रजी कच्चं आहे. बोलताना अडखळतेस. गाडी चालवता येत नाही, मग गावोगाव फिरणार कशी? आणि नोकरी दुसऱ्या जिल्ह्यात, घरचे एवढ्या लांब पाठवतील का?”

सर भांडायला लागले होते. मी बॅग खाली ठेवली आणि खुर्ची ओढून बसले.