रुमाल टाकलेलं दार

सिनेमा अर्ध्यावर आला आणि ताई खुर्चीत ताठ बसल्या. पडद्यावर एक रिकामं दार होतं. नायिका घर सोडून गेलेली, दार सताड उघडं, कुणी परत येत नाही. शॉट सुरेख होता, पण तो या सिनेमातला नव्हताच!

ताई संकलक. अंधाऱ्या खोलीत बसून दुसऱ्यांचे सिनेमे कापण्या-जोडण्यात त्यांची हयात गेली. एखाद्या शॉटचं चित्रीकरण व्हायचं राहिलेलं असलं, की त्या जागी दुसऱ्या सिनेमातला तसाच तुकडा लावून ठेवायची त्यांची पद्धत. बसमध्ये सीटवर रुमाल टाकतो ना, तसं. खरा शॉट आला की रुमाल उचलायचा. या खेपेला खरा शॉट आला, पण रुमाल उचलायचाच राहिला.

आणि रुमाल कुणाचा, तर मास्तरांच्या जुन्या सिनेमातला! मास्तर म्हणजे एके काळचे मोठे दिग्दर्शक, आणि ते समोरच बसले होते. या सिनेमाचा दिग्दर्शक, म्हणजे धाकटा, त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. पुढे त्याचं नाव झालं आणि मास्तरांना कुणी विचारेना. "माझंच चोरून मोठा झाला," असं मास्तर चारचौघांत बोलले, तेव्हापासून अबोला. ताई दोघांचंही काम करायच्या; दोन्ही घरचा पाहुणा उपाशी, अशी त्यांची गत. हातापाया पडून त्यांनी मास्तरांना आज इथवर आणलं, आणि आता चोरीचा माल त्यांच्यापुढेच वाढून ठेवला! आज बिनसलं, तर या जन्मात काही जुळायचं नाही.

आजवर इतक्या जणांनी सिनेमा पाहिला, कुणालाही संशय आला नाही. येणार कसा? धाकट्याने घरही मास्तरांच्या सिनेमातल्यासारखंच उभारलं होतं.

ताई मास्तरांच्या मानेकडे बघत राहिल्या. मान हलली नाही. उरलेला सिनेमा ताईंना दिसलाच नाही.

दिवे लागले. धाकटा मास्तरांसमोर येऊन उभा राहिला, छडी खायला उभं राहावं तसा.

"तुझ्या सिनेमातला तो जिना माझा. ती पाठमोरी म्हातारी माझी," मास्तर म्हणाले. "आता मीही ती कुणाची तरी उचललीच होती म्हणा. पण ते दार! ते तुझं. मला जन्मात सुचलं नसतं."

हे ऐकायला धाकट्याने अर्धं आयुष्य घालवलं होतं. त्याचा चेहरा फुलला आणि तसाच उतरला. दार कुणाचं, हे त्यालाही कळून चुकलं होतं. त्याने ताईंकडे पाहिलं. मूठ झाकलेलीच ठेवली असती तर सगळंच निभावलं असतं. पण ही शाबासकी त्या पोराला आयुष्यभर खात राहिली असती. ताईंना ते बघवेना.

"मास्तर, ते दार तुमचं आहे. तुमच्या तिसऱ्या सिनेमातलं," त्या म्हणाल्या. "जागा धरायला मी लावलं आणि काढायचं विसरले. याचा त्यात काही दोष नाही. बोलायचं ते मला बोला."

मास्तर पांढऱ्या पडद्याकडे वळले. आता फुटणार, म्हणून ताईंनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"लाव बघू परत," मास्तर म्हणाले.

ताईंनी लावलं. दार आलं. मास्तर पुढे वाकले.

"अरे," ते हळूच म्हणाले, "आणि मला वाटत होतं, मला कधी काही जमलंच नाही."

धाकटा त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसला. ताईंना रडू आवरेना.