ठेंगणं दार

वैशाखातल्या दुपारी शिरीषाच्या वाळक्या शेंगा वाऱ्याविना खुळखुळू लागल्या की माझा हात अजूनही नकळत कपाळाकडे जातो. कपाळावर आता काही नाही. एके काळी मात्र तिथं चांगलं लिंबाएवढं टेंगूळ होतं, आणि ज्या चौकटीवर आपटून ते आलं ती चौकट तेव्हा या जगात नव्हती.

वडील देगलूरला मास्तर होते, त्यामुळे उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे लातूरकडचं मामाचं गाव, हे आमच्या घरात ऋतुचक्राइतकंच ठरलेलं. मामाच्या घराच्या भिंती दगडमातीच्या, इतक्या रुंद की त्यांच्या कोनाड्यात मी अख्खा मावत असे. वर मातीचं माळवद, आत सारवणाचा आणि कडब्याचा गार, मिटलेला वास. दार मात्र ठेंगणं. मोठ्या माणसाला कमरेत मोडूनच आत यावं लागे. चुलीपुढं बसलेली मामी नुसत्या पावलांवरून माणूस ओळखायची आणि आतूनच म्हणायची, "वाका." मला ती कधी म्हणाली नाही. माझी उंचीच तेवढी नव्हती.

मग ती भूकंपाची पहाट आली. मामानं आपल्या लेकीला, लहानग्या सुमनताईला, हाताला धरून बाहेर काढलं, अंगणात उभं केलं आणि मामीसाठी तो मागं वळला, तेव्हा वळायला दारच उरलं नव्हतं. हे मी एका वाक्यात सांगतो, कारण मामानं तेवढंही कधी सांगितलं नाही.

पुढं माळावर नवं गाव वसलं. घरं सारी एकसारखी, एका रांगेत. लातूरच्या शिकवणीत आम्ही मुलं बसायचो तशी, निमूट आणि क्रमांक लावलेली. मामालाही एक घर मिळालं. पण त्यापुढं उभारलेल्या पत्र्याच्या शेडमध्येच त्यानं सगळी वर्षं काढली. उन्हात पत्रा तापायचा, पावसात गळायचा, तरी सिमेंटच्या छपराखाली त्यानं एकदाही पाऊल टाकलं नाही. कोणी विचारलंच तर म्हणायचा, "दार लई मोठं हाय त्याचं. जिथं वाकावं लागत न्हाई ते घर कसलं?"

सुमनताईचं लग्न ठरलं त्या उन्हाळ्यात मी शिकवणीतून सुटून आलो होतो. डोक्यात भौतिकशास्त्र आणि वागण्यात न झालेल्या डॉक्टरकीचा रुबाब. आल्या दिवशीच ताईचं बोलणं कानांवर पडलं. शेडच्या तोंडाशी उभी राहून ती मामाला म्हणत होती, "अण्णा, त्या दिवशी मला घरातून तुम्हीच हात धरून काढलं. आता बी तुम्हीच काढायचं. न्हाईतर मी आतच बसून राहते, वऱ्हाड जाऊ द्या माघारी." मामा सुतळीला पीळ देत राहिला. ताई एकदा बोलली की बोलली, हे तिच्या होणाऱ्या सासरीही पोचलेलं होतं.

लग्नाची पहिली अक्षत जुन्या गावातल्या मारुतीला आणि मग जुन्या घराला द्यायची, असा त्या गावानं नवाच रिवाज पाडला होता. भर दुपारी आम्ही निघालो: मामा, ताई, माझी आई, आणि अक्षतांचं ताट घेऊन मी. जुन्या गावात गाव नव्हतं. दगड लोकांनी केव्हाच वाहून नेलेले, माती सपाट, तिच्यावर वेडी बाभूळ. तरी मारुतीला अक्षत वाहून मामा ज्या रीतीनं घराकडं निघाला ते पाहून मी मागं रेंगाळलो. मोकळ्या रानात तो मध्येच काटकोनात वळे. एका ठिकाणी अंग चोरून गेला. त्याच्यामागून ताई आणि आईही तशाच वळत, चोरत चालल्या होत्या, जणू दोन्ही बाजूंना गल्ली तशीच उभी होती. पाखरूसुद्धा बोलत नव्हतं.

मी ठरलो विज्ञानाचा विद्यार्थी. सरळ रेषा हे दोन बिंदूंमधलं सर्वांत कमी अंतर, या न्यायानं मी झुडपांतून नीट, जुन्या घराच्या जागी पोचलेल्या मामापुढं जाऊन उभा राहिलो.

"भिंतीतून कुठं यायलास?" मामानं विचारलं. आवाजात राग नव्हता, म्हणून अधिक भीती वाटली. "माघारी जा. दारातून ये."

"डाक्टर, पाव्हण्यानं दारातूनच यावं," ताई म्हणाली. "त्या दगडाला वळसा घाला."

वळसा घातला. दार कुठं आहे ते कळेना, तेव्हा आईनं बोट दाखवलं. समोर नुसतं ऊन थरथरत होतं. मी ताट सावरून, ताठ मानेनं पाऊल टाकलं, आणि कपाळात कळ उठली. ताट खणकलं, अक्षता उडाल्या, मी मटकन बसलो. डोळे उघडले तर वर निरभ्र आभाळ. हाताच्या अंतरावर फांदी नाही, डहाळी नाही. आणि मी बसलो होतो तिथं सावली असल्यासारखा गारवा होता, सारवणाचा वास होता.

ऊन लागलं असेल, भोवळ आली असेल; मीही पुढं लोकांना तेच सांगितलं. ताई मात्र हसली नाही. मामा खाली बसला, माझ्या टेंगळावरून त्यानं खरबरीत अंगठा फिरवला.

"तुला सांगायचं राहिलं तिचं," तो म्हणाला. "तवा बुटका होतास."

मातीत सांडलेल्या अक्षता ताईनं तशाच राहू दिल्या. "आई, लगीन हाय माझं," एवढंच त्या न दिसणाऱ्या दाराकडं बघत म्हणाली.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड मांडवात, ताई आत, आणि मामा नव्या घराच्या दारासमोर उभा. वाजंत्री दमून थांबली. व्याही घड्याळाकडं बघू लागले. आईनं डोळ्यांना पदर लावला. तेवढ्यात आतून आवाज आला, सावकाश, चुलीपुढं बसून दिल्यासारखा:

"वाका."

आवाज ताईचाच असणार. आत दुसरं कोण होतं? पण आईनं माझं मनगट आवळलं ते उगाच नाही. मामा कमरेत वाकला, त्या उंच दारातून पार दुमडून आत गेला, आणि लेकीचा हात धरून तसाच वाकून बाहेर आला. ताईही वाकली. व्याह्यांना वाटलं, असेल यांच्याकडची पद्धत.

त्या रात्रीपासून मामा छपराखाली निजू लागला.

मी डॉक्टर झालो नाही. न दिसणाऱ्या दारावर डोकं फोडून घेणाऱ्याच्या हाती माणसं देऊ नयेत, इतकी समज डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेला होती. आता लातुरात शिकवणीच्याच गल्लीत फ्लॅट आहे, आणि दारातून मी वाकून आत जातो. शेजारी याला कंबरदुखी समजतात. गेल्या वैशाखात एका दुपारी, घरात कोणी नसताना, घाईत ताठच आत शिरलो. काही लागलं नाही. फरशी तापलेली, खोल्या नुसत्या खोल्या, आणि मी कोणाच्या तरी घरात भिंतीतून आल्यासारखा उभा. मग पुन्हा बाहेर गेलो, वाकलो, आत आलो. सारवणाचा वास आला, तेव्हा चपला काढल्या.