सावलीत वाळवलेली रेकॉर्ड

आमच्या विश्रामबागेतला शेजारी मूळचा तासगावचा बेदाणा व्यापारी. जुन्या इंग्रजी रॉक गाण्यांच्या रेकॉर्डी तो धुतो, बेदाणा वाळवावा तशा सावलीत वाळवतो आणि मगच कॉम्प्युटरवर उतरवतो. "घाई केली की माल बिघडतोय गड्या," हे ठरलेलं. त्याच्यावर चिडावं असं तो काही करत नाही, हेच मला खुपतं.

माझी कॉलेजातली लाडकी रेकॉर्ड मीच त्याला नेऊन दिली. घरी ती लावली, की बायको दार लोटून घेते. काल त्यानं आम्हाला चहाला बोलावून तीच ऐकवली. खरखर गेली होती, गिटारच्या तारेवरून सरकणारं बोटही ऐकू येत होतं. बायको डोळे मिटून बसली.

जिना उतरताना म्हणाली, "आवं, असली एखादी रेकॉर्ड आपल्याकडं बी आणा की."