सहा चेन

आमच्या अप्पांना माती दिली तेव्हा त्यांच्या अंगावर सहा चेन होत्या. त्यातली एकही सोन्याची नव्हती.

हा खुलासा मी इथे करतोय, कारण आमच्या निर्णा गावात तो कुणी मागितला नाही आणि चिटगुप्प्याच्या बाजारात मी करायला गेलो तर कुणी ऐकून घेतला नाही.

मी हैदराबादेत इंटिरियर डिझायनर आहे. गावात मल्लू, कार्डावर मल्हार. या धंद्यात प्रेरणा लागते, आणि ती आपल्या गावात मिळत नाही, तिकीट काढूनच आणावी लागते, असा माझा पक्का समज होता. म्हणून मी कच्छला जाऊन आलो, तमिळनाडूत जुन्या घरांच्या फरशा मोजून आलो. कच्छहून एक लोकरीची शाल आणली आणि ती बारा महिने गळ्यात घालून हिंडू लागलो. हैदराबादच्या मे महिन्यातसुद्धा. शालीमुळे मी डिझायनर दिसायचो (घामामुळे थोडा कमी).

एकदा निर्ण्याला गेलो, तर अप्पांनी माझी शाल चिमटीत धरली. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. पुढे मेंढरं विकून शेती धरली, पण लोकर दिसली की बोटं आपोआप पुढे व्हायची.

"मेंढीचीच हाय की."

"कच्छची आहे अप्पा. तिकडं लई नाव आहे हिचं."

"मेंढरं त्येंच्याकडं बी हायती, आपल्याकडं बी हुती. मंग इतक्या लांब कामून गेल्तास?"

उत्तर नसलं की मी छताकडे बघतो (क्लायंटला वाटतं, विचार करतोय). तसं वर बघितलं आणि दांडीवरचं घोंगडं दिसलं. काळंभोर, नऊ फुटी, काठाला पांढरी रेघ. माझ्या आजोबांनी घरच्या मेंढरांच्या लोकरीचं विणवून अप्पांना लग्नात दिलेलं. जन्मापासून ते माझ्या डोक्यावर टांगलेलं होतं, आणि मी कच्छला जाऊन आलो होतो!

त्याच सुमारास माझ्या एका क्लायंट मॅडमना त्यांच्या नव्या दिवाणखान्यात मातीशी नातं हवं होतं. माती नको होती, फक्त नातं. मी अप्पांना विचारलं, "हे नेऊ का? कामाला पाहिजे."

अप्पांनी दांडीवरून घोंगडं उतरवलं, काठावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ने. पर मला लागल तवा आणून दे, म्हंजी झालं."

लागल तवा म्हणजे थंडीत, असं मी समजलो. मुलगा म्हणून माझंही काही कर्तव्य होतं. मी हुमनाबादहून गुलाबांच्या चित्रांचं मऊमऊ ब्लँकेट आणून अप्पांच्या बाजेवर टाकलं. पुढच्या खेपेला ते वासराच्या अंगावर दिसलं. "त्याला गुलाब आवडायलेत," अप्पा म्हणाले.

तर, घोंगड्याच्या मी उशा केल्या. सहा. शिंप्याने कात्री लावली तेव्हा तो दोनदा म्हणाला, "साब, अच्छी चीज है, सोच लो." मी सोचलं नाही. डिझायनरने एकदा ठरवलं की सोचायचं नसतं. प्रत्येक उशीच्या अभ्र्याला त्याने भक्कम पितळी चेन बसवली, आणि कापून उरलेल्या तुकड्यांचं मी टेबलावर घालायला काहीबाही केलं. मॅडम खूश झाल्या. मी फोटो काढून अक्काला पाठवला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, दुबलगुंडीला दिलेली.

अक्काचा लगेच फोन आला.

"मल्लू, अप्पाचं घोंगडं फाडलास व्हय रं?"

"फाडलं नाही अक्का. डिझाइन केलं."

"लागल तवा म्हंजी कवा, ठाव हाय का तुला?"

"थंडीत."

"आरं, मेल्यावर!"

मग तिने सांगितलं. आमच्या घरात माणसाला लग्नात जे घोंगडं मिळतं, तेच शेवटी अंगावर घेऊन तो मातीत जातो. दुसरं चालत नाही. आजोबा गेले तेव्हा मी होस्टेलवर होतो, परीक्षा बुडेल म्हणून मला कळवलंच नव्हतं. आणि माझ्या लग्नात मी स्वतः घोंगडं नको म्हणालो होतो, एसीत कशाला म्हणून. (माझ्यावर काय घालतील, हे मी अजून कुणाला विचारलेलं नाही.)

मला फार लाज वाटली. उशा परत मागायच्या असं मी त्या दिवशी ठरवलं आणि दोन महिने मागितल्या नाहीत. मॅडमचा स्वयंपाकघराचाही विचार चालला होता.

मग एका सकाळी अक्काचा फोन आला. मी एका साइटवर होतो.

"मल्लू, अप्पा घोंगडं मागायलेत."

काम तसंच टाकून मी सरळ मॅडमच्या घरी गेलो. काय सांगायचं ते गाडीत ठरवलं होतं, पण दारात सगळं उलटसुलट सांगितलं. त्या भल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि स्वतः उशा गोळा करून दिल्या. पाच. सहावीवर त्यांचा कुत्रा झोपला होता. एवढासा, परदेशी, मेंढरू कधी स्वप्नातही न बघितलेला. पण त्या उशीला हात लावला की लांडगा बघितल्यासारखा गुरगुरायचा.

"ये बच्चा उस के बगैर सोता नई," मॅडम हळूच म्हणाल्या.

शेवटी मी गळ्यातली शाल त्याच्यापुढे पसरली. त्याने हुंगली, क्षणभर विचार केला, आणि शालीवर येऊन बसला. मी उशी काढून घेतली. मग मॅडमनी त्याला उचलून शालही मला परत दिली.

निर्ण्याला पोचलो तेव्हा अप्पा बाजेवर होते. फार वाळले होते. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं होतं, म्हणजे काय ते आम्हाला कळलं होतं. उसवून परत जोडायला वेळ नव्हता. अक्काने आणि मी ओसरीत बसून आतला कापूस काढला आणि सहा अभ्रे एकाला एक शिवले. आडवे दोन, उभे तीन. दीड-दीड फुटाचे. माझी बोटं रक्ताळली. आयुष्यात पहिल्यांदा मी हाताने काही बनवत होतो.

ते मी अप्पांच्या अंगावर घातलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, पण बोटं फिरू लागली. लोकर ओळखली. तोंडावर समाधान दिसलं. मग बोट एका चेनीला लागलं. त्यांनी ती उघडली. लावली. परत उघडली.

"हे काय रं?"

"चेन हाय अप्पा."

"कामून?"

खोटं बोलायला शंभर जागा होत्या. मी म्हणालो, "म्या उशा केल्त्या, अप्पा. चुकलं माझं."

अक्का तोंडाला पदर लावून उभी होती. अप्पांनी उघड्या चेनीतून आत हात घालून चाचपलं. मग म्हणाले, "बरं झालं. खिसं झालं. माझी चंची ठीव एकात."

मी त्यांची पान-तंबाखूची चंची एका खिशात ठेवली आणि चेन लावली. घोंगडं गुडघ्याखाली जरासंच पोचत होतं. अप्पांनी हळूहळू गुडघे पोटाशी घेतले. अंथरूण पाहून पाय पसरावेत, ही म्हण त्यांनीच मला शिकवली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पा गेले.

अक्काने एका खिशात भाकरी ठेवली, एकात भंडारा. एकात आधीच गेलेल्या आईच्या बांगडीचा तुकडा. एकात दावणीच्या दोरीची गाठ, वासराची. सहावा खिसा माझा. मी खिसे चाचपले, माझ्याकडे मोजायची टेप निघाली. तीच ठेवली. मी खड्ड्यात उतरून अप्पांना ठेवलं तेव्हा लक्षात आलं की पाय उघडे राहतात. ओढावं कुठून? मी गळ्यातली कच्छची शाल काढली आणि त्यांच्या पायांवर घातली. मेंढीचीच होती.

तेवढ्यात वरून अक्का रडत रडत, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "मल्लू, साही चेन नीट लावलास का रं?"

"व्हय अक्का. साहीच्या साही."

अर्धं गाव काठावर उभं होतं. संध्याकाळपर्यंत दुबलगुंडीला कळलं, दुसऱ्या दिवशी चिटगुप्प्याला. पोराने बापाला सहा चेन घालून पुरलं म्हणे. लोक मला बघून गाडीवरून उतरू लागले. मी आधी सांगून बघितलं, मग सोडून दिलं. त्यांनी माझ्याबद्दल चांगलं बोलावं असं मी दुसरं काहीच केलं नव्हतं.

परवा बाजारात एका म्हाताऱ्या अण्णांनी माझा हात धरला. "लई केलास बापासाठी. खरं सांग, कितीच्या हुत्या एकेक?"

"दीड फुटाच्या," मी म्हणालो. "कमी पडल्या, अण्णा. मापात मी पहिल्यापासून कच्चा."