ब्रेक नसलेली गाडी

आप्पांनी जन्मभर शहरबस चालवली. तीही साधी नाही, दोन डब्यांची, मध्ये रबरी भाता असलेली लांबलचक बस. ते धूड बाजाराच्या वळणावरून काढताना शेवटच्या सीटवर पेंगणाऱ्याची मानसुद्धा हलायची नाही, असा त्यांचा हात. डेपोत सगळे त्यांना 'लोणी' म्हणायचे. निवृत्त झाले तरी पाय काही निवृत्त झाला नाही. दुसऱ्याच्या गाडीत बसले की समोर काही आडवं आलं रे आलं, यांचा उजवा पाय दाबलाच. जावयाच्या गाडीत पायाखालच्या रबराला त्या जागी भोक पडायला आलं होतं. असा हा पक्का माणूस, आणि स्वतःच्या महिन्याच्या नातीला हात लावायला घाबरत होता.

झालं होतं असं. गेल्या वर्षी एका सकाळी आप्पा साखरेची मोठी बरणी घेऊन स्वयंपाकघरात उभे होते. वरच्या फळीकडे बघायला त्यांनी मान वर केली आणि सगळं घर गरकन फिरलं. छत कुठलं, फरशी कुठली, काही कळेना. बरणी हातातून सुटली, काच आणि साखर पार बाहेरच्या खोलीपर्यंत गेली, आणि आप्पा ओट्याला मिठी मारून बराच वेळ ओकत राहिले. डॉक्टरांनी सांगितलं, कानाच्या आत बारीक खडे असतात, ते जागचे हलले की अशी चक्कर येते. त्यांना पलंगावर आडवं करून डोकं इकडून तिकडे वळवलं, काही वेळा पुन्हा बोलावलं, आणि शेवटी म्हणाले, "बसले खडे जागेवर. आता खुशाल हिंडा, सायकल चालवा, नाचा!"

आप्पा नाचले वगैरे नाहीत. ते आंघोळसुद्धा स्टुलावर बसून करायला लागले. जिन्यात कठडा सोडेनात, मान वर करून पंख्याकडे बघेनात.

"अहो, डॉक्टर म्हणाले ना बरं झालंय म्हणून?" बायको वैतागायची.

"डॉक्टर म्हणाले. माझ्या डोक्याला कुणी सांगितलंय?"

यावर बायकोकडे उत्तर होतं, पण ते ती भांडी आपटून द्यायची.

मुलीला मात्र दोघांनीही यातलं अवाक्षर कळवलं नव्हतं. ती पोटुशी, परक्या शहरात राहणारी, तिच्या जिवाला कशाला घोर? मग मुलगी झाल्याचा फोन आला, आप्पा-आई सामान घेऊन तिच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी येऊन थडकले, आणि तिथे खरी पंचाईत सुरू झाली. लेकीने हौसेने दुपट्यात गुंडाळलेलं बाळ पुढे केलं. आप्पांना बाळ दिसेना, बरणी दिसली.

"प्रवासाचे हात आहेत गं, नंतर घेतो," ते म्हणाले.

ती नंतरची वेळ काही येईना. कधी हात गार आहेत, कधी घसा खवखवतोय, कधी आत्ताच कांदा चिरलाय. कांदा चिरायला आप्पा आयुष्यात कधी बसले नव्हते, ते आता रोज बसायला लागले. बाळ पाळण्यात असलं की मात्र तासन्‌तास शेजारी खुर्ची टाकून बघत बसायचे, तोंडाने बसचे आवाज काढायचे. कुणी उचलून दिलं की पसार.

आणि मग त्या रविवारी सकाळी ते न्हाणीघरात स्टुलावर बसले असताना पलीकडून लेकीचा आवाज आला. दाराला कान लावावा लागला नाही, दार पातळच होतं.

"आई, खरं सांग. आप्पांना मुलगी नको होती का?"

आईने "छे गं, काहीतरीच काय!" म्हटलं, पण पुढे सांगायचं काय? न सांगण्याचं वचन नवऱ्याने घेतलेलं. ती गप्प बसली, आणि त्या गप्प बसण्याने तर जास्तच घोटाळा झाला. लेक रडत होती. आप्पा अंगाला साबण तसाच ठेवून बसून राहिले. जिला खांद्यावर बसवून डेपोभर मिरवली ती पोर आज आपल्याबद्दल हे म्हणतेय! त्यांना स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटली.

आता सांगून टाकायचं की नाही? सांगितलं तर ती म्हणेल, असू दे आप्पा, नका घेऊ बाळाला. आणि तेच तर त्यांना नको होतं.

नेमकं त्याच सकाळी जावयाने टूरचं काढलं. जावई लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ज्या इमारतीची लिफ्ट तो बघायचा तिथे तळमजल्यावर सेगवेवरून शहर दाखवणाऱ्यांचं दुकान होतं. सासरेबुवा घरात कंटाळलेत, असं त्या भल्या माणसाला वाटलं.

"आप्पा, दोन चाकं, उभं राहायला एक फळी आणि धरायला दांडा. उभ्या उभ्या शहर बघायचं, मग तळ्याकाठी पक्षी. गाईड बरोबर असते. आजच्या फेरीला तुमचं नाव दिलंय मी."

"यांना नाही झेपायचं ते," सासूबाई चटकन म्हणाल्या.

"का नाही झेपायचं?" आप्पा म्हणाले. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मनाशी पैज लावली होती: त्या फळीवर सबंध सकाळ उभा राहिलो आणि डोकं फिरलं नाही, तर घरी येऊन नातीला उचलायचं. फिरलं, तर लेकीला सगळं सांगून टाकायचं आणि बाळ पाळण्यातच बघायचं, कायमचं.

दुकानासमोरच्या फरशीवर गाईडबाईंनी हेल्मेटं वाटली. बाई चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या, आवाज थेट शाळेतल्या कवायतीचा. सोबत एक नवीन लग्न झालेलं जोडपं होतं, त्यांचं लक्ष फक्त एकमेकांकडे.

"चक्कर वगैरे येते का कुणाला?" बाईंनी विचारलं.

"येत नाही," आप्पा म्हणाले. डॉक्टरांच्या भरवशावर.

"पुढे झुकलात की पुढे जाईल. मागे रेललात की थांबेल. वळायचं तिकडे दांडा कलवा. संपलं."

"आणि ब्रेक?"

"ब्रेक नाहीये, काका."

"ब्रेक नाही म्हणजे?"

"म्हणजे नाहीये. तुमचं अंग हाच ब्रेक."

आप्पांच्या तोंडचं पाणी पळालं. ज्या अंगावर आपला काडीचा विश्वास उरलेला नाही, तोच ब्रेक! पण फळीवर चढले. यंत्र थोडं थरथरलं, मग मुकाट उभं राहिलं. जरा पुढे झुकले, ते चाललं. मागे रेलले, ते थांबलं. जोडप्यातला नवरा दोनदा भिंतीला धडकला. आप्पा फरशीवर गोल फेरी मारून आले आणि त्यांच्या ओठांवर वर्षभराने कोपऱ्यात का होईना हसू आलं.

वरात निघाली. पुढे बाई, त्यांच्या दांड्याला मागचं दिसायला छोटा आरसा, मागे जोडपं, शेवटी आप्पा. जुना पूल झाला, मासळीबाजार झाला. घड्याळाच्या मनोऱ्याखाली बाईंनी सगळ्यांना थांबवलं. "वर बघा, टोकावर तांब्याचा कोंबडा आहे. वाऱ्याबरोबर फिरतो." सगळ्यांनी माना वर केल्या. आप्पांनी समोरच्या बसथांब्याकडे पाहिलं.

"काका, कोंबडा!"

"दिसला, दिसला," आप्पा थांब्याकडे बघतच म्हणाले. मान वर करणं म्हणजे साखरेची बरणी. तिथे जीव मुठीत धरलेला, कोंबड्याचं कसलं कौतुक!

शहर मागे पडलं आणि तळ्याकाठची वाट लागली. एका बाजूला पाणी, त्यात उंच पाणगवत, दुसऱ्या बाजूला झाडं. वाट सपाट, वारा गार. आप्पांचा ताण जरा सैलावला. अर्ध्याहून जास्त सकाळ सरली होती आणि डोकं शाबूत होतं. त्यांनी मनातल्या मनात बाळाला उचलूनही पाहिलं.

तेवढ्यात गवतातून एक राखी बगळा बाहेर आला आणि लांब लांब टांगा टाकत, साहेबी थाटात, वाट ओलांडायला लागला. आप्पांच्या थेट पुढ्यात.

मग जे झालं ते फार भरभर झालं. यंत्राने एकदम उसळी घेतली. बगळा ओरडून उडाला. दांडा हातातून निसटला, आभाळ, पाणी, गवत सगळं एकात एक झालं, आणि आप्पा काठाच्या चिखलात बसकण मारून गवतात रुतले.

त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. आली. शेवटी आलीच. आता घर फिरलं होतं तसं तळं फिरेल, आता ओकारी येईल. आणि पोटातून येणाऱ्या त्या ढवळण्याची वाट बघता बघता त्यांना रडूच फुटलं. लागलं कुठेच नव्हतं. पण त्या इवल्याशा पोरीला आपण कधीच उचलणार नाही, हे त्यांना तिथे चिखलात बसून कळलं होतं.

"काका! लागलं का?" बाई धावत आल्या.

"चक्कर आली हो. मला चक्कर येते. मी खोटं बोललो."

बाई त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या. "अजून फिरतंय?"

"बघवत नाही मला."

"डोळे उघडा आधी."

आप्पांनी एक डोळा उघडला. समोर गवताचं पातं होतं, त्यावर एक किडा. पातं जागच्या जागी. किडाही. त्यांनी दुसरा डोळा उघडला. झाड उभं होतं तसं उभं. पोटात काही ढवळत नव्हतं. त्या दिवशी ओट्याला मिठी मारली तेव्हा घर थांबायलाच तयार नव्हतं, आणि इथे सगळं कसं गुमान जागेवर बसलेलं!

"फिरत नाहीये," ते चाचरत म्हणाले. "मग मी पडलो कशाने?"

"एक सांगा," बाईंनी विचारलं, "तुम्ही ड्रायव्हर होता का?"

"बसचा. का?"

"तरीच! मी आरशात बघत होते. बगळा आला आणि तुम्ही उजवा पाय असा काही दाबलात की बास! अहो, या गाडीवर पुढे पाय दाबला की ती पळते. मागे एक ट्रकवाले काका आले होते, ते थेट पुतळ्याच्या पाया पडायला गेले. तुम्हा लोकांचं असंच होतं."

आप्पा आपल्या उजव्या पायाकडे बघत राहिले. चिखलाने भरलेला बूट. म्हणजे डोकं नव्हे, हा गडी! त्यांना हसू आलं. आधी बारीक, मग खदखदून, मग चिखलात मागे हात टेकून. जोडप्यातली बायको घाबरून नवऱ्याला म्हणाली, "यांच्या डोक्याला लागलंय वाटतं."

"नाही लागलं, पोरी!" आप्पा ओरडले. "डोक्याला काही म्हणजे काही झालेलं नाही!"

बाई मात्र हसल्या नाहीत. "काका, मी सुरुवातीलाच विचारलं होतं. मला खरं सांगायला हवं होतं."

"चुकलं माझं. पण डॉक्टर म्हणाले होते हो, आता येत नाही."

"मग डॉक्टरांचंच ऐकायचं की!"

थोडा वेळ सगळे काठावरच बसले. पाण्यात एक टिबुकली पोहत होती, तळहाताएवढी, आणि तिच्या पाठीवर पिसांतून पिल्लांची दोन डोकी वर आलेली. तिने एकदम पाण्यात बुडी मारली, पिल्लं पाण्यावर तरंगत राहिली. ती वर आली, पिल्लं पुन्हा चढली. "हिला नाही कांदा चिरावा लागत," आप्पा म्हणाले. कुणालाच काही कळलं नाही.

परत निघताना बाईंनी विचारलं, चालत येता का? आप्पा फळीवर चढले. वाटेत आणखी एक बगळा आला, पाय शिवशिवला, पण त्यांनी अंग मागे झुकवलं आणि गाडी गुपचूप थांबली. घड्याळाच्या मनोऱ्याशी ते आपणहून थांबले. खाली उतरले, दोन पाय रोवले, आणि वर्षभरात पहिल्यांदा मान पार मागे टाकून वर पाहिलं. उंच, आणखी उंच, टोकापर्यंत. तांब्याचा कोंबडा वाऱ्यावर फिरत होता. फक्त कोंबडाच फिरत होता. आप्पांचा जीव भांड्यात पडला.

घरी दार लेकीने उघडलं. तिचे डोळे अजून सुजलेले.

"हे काय आप्पा, चिखल कसला?"

"आधी हातपाय धुतो. मग आण तिला इकडे."

"कुणाला?"

"माझ्या नातीला, आणखी कुणाला?"

आप्पांनी आंघोळ केली, उभ्याने. बाहेर आले, खुर्चीकडे बघितलंसुद्धा नाही. लेकीने बिचकतच बाळ पुढे केलं. त्यांनी घेतलं, एक हात मानेखाली, एक पाठीखाली, जसं लहानपणी लेकीला घ्यायचे तसंच. केवढंसं ओझं ते! बाळाने जांभई दिली आणि त्यांच्या शर्टाचं बटण मुठीत धरलं. आप्पांनी ते बटण तिला देऊनच टाकलं असतं.

"मी सकाळी ऐकलं," ते लेकीला म्हणाले. "मुलगी नको कशाने होईल गं मला? मला चक्कर यायची. हातात बरणी असताना आली होती. तिला पाडेन म्हणून भीत होतो."

लेक रडत रडतच भडकली. "आणि हे तुम्ही मला आज सांगताय? महिनाभर मी काय काय मनात आणलं! आई, तुलाही माहीत होतं?"

"मला वचनात बांधलं होतं गं यांनी," आई म्हणाली आणि पदराने डोळे पुसत तिने नवऱ्याकडे असं बघितलं की आता भांडी आपटायची गरज नव्हती.

"आप्पा, पाय का दाबताय?" लेकीने नाक पुसत विचारलं. खरंच, उजवा पाय फरशीवर घट्ट रोवलेला होता.

"ब्रेक आहे तो. माझ्याजवळ आहे, त्या गाडीला नव्हता."

लेकीला हसू फुटलं. "बरं, द्या आता, तिला झोपवायचंय."

"झोपवतो मीच," आप्पा म्हणाले आणि पाय उचलून निघाले. "चला, पुढचा स्टॉप स्वयंपाकघर!" स्वयंपाकघर झालं, गॅलरी झाली, पाळणा झाला, पण पाळण्याच्या स्टॉपवर गाडी थांबली नाही. लेक दारात उभी राहून बघत होती. दुसऱ्या फेरीला बाळ झोपलं तरी आप्पा चालतच होते, आणि वळणावर त्याची मानसुद्धा हलत नव्हती.