आठ त्रिक बेचाळीस

“आठ त्रिक चोवीस!” नीमा खणखणीत आवाजात म्हणाली, फळ्यावर ४२ लिहिलं आणि जागेवर जाऊन बसली.

मुख्याध्यापक जोसेफ यांनी माझ्याकडे पाहिलं. “मॅडम, गाणं छान आहे. गणित कुठं आहे?”

टांझानियातलं तळ्याकाठचं गाव. सोनईच्या शाळेतून रजा घेऊन, चर्चच्या ओळखीनं मी वर्षभर तिथं गणित शिकवायला गेले होते. अख्ख्या वर्गाला चार पुस्तकं. पुस्तकावाचून अडत नाही असं काय? पाढे. आपल्या चालीतले, मराठीतलेच. पोरांनी झटक्यात उचलले. मी व्हिडिओ पाठवला, तर भावाचा फोन. “आक्का, लई भारी! तिकडची पोरं पाढं म्हनत्यात. आमच्या डेव्हिडला एक येत न्हाई, धाडू का तिकडं?” मी खूश. कामांच्या यादीत ‘पाढे’पुढे टिक केली.

अर्थ कळावा म्हणून मी शब्द फोडून दिले होते. चो म्हणजे चार, मग वीस. मराठीत एकक आधी बोलतो, लिहिताना मात्र दशक आधी. सोनईत पहिलीची पोरं नेमकी इथंच अडखळतात. स्वाहिलीत सरळ ‘वीस आणि चार’ म्हणतात. म्हणजे या मुलांना ही अडचण मुळात नव्हतीच. ती मी सामानात घालून नेली.

गावात सातवीपुढे शाळा नव्हती. नीमाला जिल्ह्याच्या बोर्डिंगमध्ये जागा हवी होती आणि प्रवेश परीक्षा तोंडावर आली होती. घाईत मी तिला सांगितलं, “ऐकू येईल त्याच्या उलट लिही.”

परीक्षेत आकडे स्वाहिलीतून वाचून दाखवले. तिनं तेही उलटे लिहिले.

जागा गेली.

“पुढच्या वर्षी बसवू या ना तिला,” मी जोसेफना म्हटलं.

“आईनं मासे सुकवायच्या कामाला लावलंय, मॅडम. तुमच्याकडे कामाला लागलेल्या मुली परत येतात?”

ऊसतोडीला गेलेल्या किती मुली परत आल्या, ते मला माहीत होतं.

बाहेर शिकवायला निघालेले शिक्षक आता सल्ला विचारतात. मी सांगते, गेल्या गेल्या शिकवायला लागू नका. मुलं कशी मोजतात ते आधी ऐका.

नीमाला चोवीस लिहिता येत होतं. मी तिथं जाईपर्यंत.